मोठा घडीचा चाकू निवडताना: आधी खिसा, मग मूठ, पातं नंतर

पुठ्ठ्यातून १३ सेंटिमीटर लांब आणि ३ सेंटिमीटर रुंद अशा पट्ट्या कापा. दीड सेंटिमीटर जाडी होईपर्यंत त्या एकावर एक चिकटवत जा. मधल्या थरांत नाणी दडवा आणि सगळं मिळून १२५-१३० ग्रॅम भरलं की वरून चिकटपट्टी गुंडाळून टाका. आता हा ठोकळा दोन दिवस खिशात घेऊन हिंडा. खुर्चीत बसा, वाकून बुटाची नाडी बांधा, जिने चढा, त्याच खिशातून किल्ल्या काढा.

घरचे हसतील, हसू द्यात. मोठा चाकू रोज जवळ बाळगणं म्हणजे काय, हे त्या ठोकळ्याइतकं स्पष्ट दुसरं कोणी सांगत नाही. हौसेने घेतलेले कितीतरी चांगले चाकू मी टेबलाच्या खणात पडलेले पाहिलेत. धार उत्तम, लॉक पक्कं, पण बसताना मांडीला टोचतो, म्हणून घरी राहिला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ठोकळा खिशात आहे हे तुम्ही विसरून गेला असाल, तर पुढे वाचा. सारखा हात तिकडे जात असेल, तर ७-८ सेंटिमीटर पात्याचा मध्यम चाकू बघा. त्यात कमीपणा काही नाही.

मोठा म्हणजे किती, आणि कशासाठी

साधारण ९ ते १० सेंटिमीटर, म्हणजे साडेतीन ते चार इंच पात्याला मोठा घडीचा चाकू म्हणतात. बंद केल्यावर पातं मुठीत मावायला हवं, म्हणून मूठ त्याहून दोन-तीन सेंटिमीटर लांब असते. म्हणजे खिशात जातात ते हेच १२-१३ सेंटिमीटर.

नवखा माणूस पात्याच्या लांबीवर भाळतो. खरा फायदा मात्र मुठीचा असतो. लहान चाकूवर तीन बोटं बसतात, करंगळी हवेत राहते. पाकीट फोडायला तेवढं पुरतं. पण दहा-बारा मोठी खोकी फोडून सपाट करायची असली, की सगळा जोर अंगठा आणि तर्जनीवर येतो आणि थोड्याच वेळात हात अवघडतो. मोठ्या मुठीवर चारही बोटं बसतात, ताकद मनगटातून येते, आणि हात दमला नाही की चाकू घसरतही नाही. लांब पात्याचा उपयोग जाड फोम, जाडजूड दोर, कलिंगडासारखं मोठं फळ, गालिच्याचा तुकडा अशा एका ओढीत कापायच्या गोष्टींना. टोकाच्या नाजूक कामात मोठं पातं उलट अडचणीचं ठरतं, कारण टोक बोटांपासून लांब जातं.

कोणी स्वसंरक्षणासाठी चाकू शोधत असेल, तर तो विचार सोडून द्यावा. हे अवजार आहे. झटापटीत चाकू बाहेर आला की पहिली जखम कोणाला होईल याचा नेम नसतो, आणि पुढची पोलीस-कोर्टाची फरफट वेगळीच.

विकत घ्यायच्या आधी कायदा वाचा

हे कंटाळवाणं काम आहे, पण मोठ्या चाकूच्या बाबतीत टाळून चालत नाही, कारण बहुतेक देशांतले नियम नेमके दोन गोष्टींवर बोट ठेवतात: पात्याची लांबी आणि लॉक, म्हणजे उघडलेलं पातं अचानक मिटू नये म्हणून धरून ठेवणारी रचना. ब्रिटनमध्ये घडीचा, लॉक न होणारा आणि ३ इंचांपर्यंत धारेचा चाकू कारण न देता बाळगता येतो. त्यापेक्षा लांब किंवा लॉक होणारा असेल तर सबळ कारण लागतं. म्हणजे या लेखातला जवळपास प्रत्येक चाकू तिथे त्या सवलतीच्या बाहेर. जर्मनीत एका हाताने उघडणारे आणि लॉक होणारे चाकू वैध कारणाशिवाय बाळगायला बंदी आहे. जपानमध्ये ६ सेंटिमीटरपेक्षा लांब पातं योग्य कारणाशिवाय जवळ ठेवता येत नाही. तुमच्या गावचा, राज्याचा, देशाचा नियम तुम्हीच शोधा, आणि जिथे प्रवासाला जाणार तिथलाही. घरात ठेवणं आणि रस्त्यात बाळगणं यांचे नियम वेगळे असू शकतात. विमानात तो हातातल्या सामानात चालत नाही, चेक-इन बॅगेत टाकावा लागतो. बॅगेत कायमचा राहिलेला चाकू विमानतळावर सापडून जप्त होणं ही या छंदातली सगळ्यात नेहमीची रडकथा.

मूठ आणि वजन

जवळपास एकाच लांबीच्या दोन चाकूंत केवढा फरक असू शकतो बघा. बक कंपनीचा ११० फोल्डिंग हंटर १९६४ पासून बनतो आहे. पातं पावणेचार इंच, मूठ लाकडाची, दोन्ही टोकांना पितळ. वजन सुमारे २०० ग्रॅम. देखणा चाकू, हातात घेतला की खाली ठेवावासा वाटत नाही. स्पायडरकोचा मिलिटरी घ्या: पातं पूर्ण चार इंच, म्हणजे थोडं जास्तच, आणि वजन १२० ग्रॅमच्या आसपास. पहिला पट्ट्याला लावायच्या चामड्याच्या म्यानात शोभतो, दुसरा पँटच्या खिशात. ओपिनेलचा १० नंबर तर १० सेंटिमीटर पात्याचा असून या दोघांपेक्षा कितीतरी हलका, कारण सगळी मूठ लाकडाची, त्यात धातूची चौकटच नाही. माझा आडाखा असा: १३० ग्रॅमपर्यंत खिशाला कळत नाही, १५० ला कळायला लागतं, त्यापुढे म्यान घ्या.

मुठीचं साहित्य निवडताना फार डोकं खपवू नका. जी-१० म्हणजे काचतंतू आणि इपॉक्सीचे दाबून केलेले थर. ओल्या हातातही पकड राहते, पण फार खरबरीत असेल तर खिशाचा काठ घासून विरतो. काचतंतू घातलेलं नायलॉन हलकं आणि स्वस्त, हाताला प्लॅस्टिकसारखं लागतं, पण टिकायला दणकट. मिकार्टा म्हणजे कापड किंवा कागद आणि राळ यांचे दाबलेले थर, तो वापरून वापरून छान मुरतो. ॲल्युमिनियम आणि टायटॅनियम थंडीत गार लागतात आणि गुळगुळीत असतील तर ओल्या हातातून सरकतात. लाकूड सुंदर, पण ओपिनेलसारख्या चाकूत पाणी लागलं की मूठ फुगते आणि पातं बाहेर यायला कुरकुरतं.

साहित्यापेक्षा आकार महत्त्वाचा. दुकानात चाकू हातात घेतलात तर तो उघडा, घट्ट धरा, आणि अर्धा मिनिट तसाच धरून ठेवा. नुसतं पकडून सोडून दिलं तर प्रत्येक मूठ चांगली वाटते. अर्ध्या मिनिटात कळतं की खिशाला अडकवायची क्लिप तळव्याच्या नेमक्या कुठल्या जागी टोचते आहे, आणि बोटांसाठी कोरलेल्या खाचा तुमच्या बोटांच्या मापाच्या नाहीत. अशा खोल खाचांच्या मुठी मी टाळतो. त्या एकाच हातासाठी आणि एकाच पकडीसाठी केलेल्या असतात. साधी, किंचित फुगीर, सरळ मूठ कंटाळवाणी दिसते आणि दिवसभर हाताला सुखाची ठरते. तर्जनी पात्यावर सरकू नये म्हणून पुढे एक उंचवटा मात्र हवाच.

लॉक: बोटं कुठे असतात ते बघा

लॉकच्या मजबुतीवरून लोक तासन्‌तास वाद घालतात. रोजच्या वापरात मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो एकच प्रश्न: बंद करताना बोटं पात्याच्या वाटेत येतात का?

लाइनर लॉकमध्ये मुठीच्या आत एक स्प्रिंगसारखी पट्टी असते. पातं उघडलं की ती सरकून पात्याच्या बुडामागे अडकते. १९८०च्या दशकात मायकल वॉकर यांनी ही रचना आजच्या रूपात आणली. बंद करताना अंगठ्याने पट्टी मुठीच्या भिंतीकडे ढकलायची, आणि त्या क्षणी अंगठा थेट पात्याच्या वाटेत असतो. म्हणून रीत अशी: दुसऱ्या हाताने पात्याची पाठ धरा, अंगठ्याने पट्टी बाजूला करा, पातं थोडंसं खाली आणा, अंगठा काढून घ्या, मग उरलेलं बंद करा. फ्रेम लॉकचंही असंच, फक्त तिथे मुठीची बाजूच पट्टीचं काम करते. ख्रिस रीव्ह यांच्या सेबेन्झा चाकूने तो लोकप्रिय केला.

बॅक लॉकमध्ये मुठीच्या पाठीवरची कळ दाबायची, बोटं बाहेरच राहतात. मजबूत प्रकार, फक्त एका हाताने बंद करायला सवय लागते. कोल्ड स्टीलच्या चाकूंत अँड्र्यू डेम्को यांनी याच रचनेत एक आडवी पिन घालून ट्राय-ॲड लॉक केलं. ताकदीसाठी त्याचं नाव आहे, पण कळ बरीच कडक असते.

क्रॉसबार लॉकमध्ये एक आडवी दांडी मागे ओढली की पातं सुटतं. बेंचमेडने १९९८ मध्ये ॲक्सिस लॉक या नावाने ते आणलं, आणि पेटंटची मुदत संपल्यावर इतर अनेकांनी उचललं. बोटं पात्याच्या वाटेबाहेर, आणि डावखुऱ्यांनाही तितकंच सोपं. लाइनर लॉक बहुधा उजव्या हातासाठीच कापलेलं असतं, त्यामुळे डावखुऱ्या वाचकांनी थेट इकडेच यावं. पहिला मोठा चाकू घेणाऱ्याला मी हेच किंवा बॅक लॉक सुचवतो. ओपिनेलची फिरती कडी १९५५ पासून आहे. ती आपोआप लागत नाही, पातं उघडल्यावर हाताने फिरवायची असते, आणि हे विसरायला फार सोपं आहे.

लॉक कसलंही असो, चाकूने उचकटू नका आणि पात्याच्या पाठीवर हातोडी मारू नका. घडीचा चाकू म्हणजे मुळात मध्ये मोडलेला चाकू.

पातं

आकार साधा घ्या. पाठ टोकाकडे हळूहळू उतरत जाते त्याला ड्रॉप पॉइंट म्हणतात. टोक मजबूत, पोटाला, म्हणजे धारेच्या टोकाकडच्या भागाला, पुरेसा बाक, बहुतेक सगळ्या कामांना चालतो. पाठ टोकाजवळ आत कापलेली असते तो क्लिप पॉइंट, टोक अणकुचीदार पण नाजूक. नुसती खोकी आणि दोऱ्या कापायच्या असतील तर सरळ धारेचा शीप्सफूट उत्तम, आणि तो लोकांना कमी भीतिदायकही दिसतो. दातेरी धार दोराला झकास, पण घरच्या दगडावर लावता येत नाही. निम्मी दातेरी, निम्मी साधी अशी पाती दोन्हींकडून अपुरी पडतात असं माझं मत आहे.

आकाराहून जास्त फरक पडतो तो पात्याच्या जाडीने, आणि जाहिरातीत ती क्वचितच सांगतात. मोठ्या चाकूचं पातं पाठीला ३ ते ४ मिलिमीटर जाड असतं, त्याला हरकत नाही. प्रश्न असतो धारेच्या लगेच वर ते किती जाड आहे हा. तिथे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असेल तर पुठ्ठ्यातून पातं सुळकन जातं. एक मिलिमीटर असेल तर धार कितीही तीक्ष्ण असो, पातं पाचरीसारखं अडकतं. माझ्याकडे असे दोन चाकू आहेत. जाड चाकूची धार पातळ कागद तरंगत कापते, केस उडवते, पण जाड पुठ्ठ्यात तीन बोटं आत गेला की थांबतो आणि करकर आवाज करत पुठ्ठा चिरण्याऐवजी फाडतो. पातळ चाकू थोडा बोथट झालेला असतानाही त्याच पुठ्ठ्यातून आवाज न करता बाहेर येतो. पाठीपासून धारेपर्यंत सलग उतरता सपाट घासलेला चाकू घेतलात, तर बहुधा बरोबर निवड होते.

पोलादाबद्दल थोडक्यात, कारण या विषयावर नवखे लोक गरजेपेक्षा फार वाचतात. एयूएस-८ आणि ८सीआर१३एमओव्ही ही पोलादं लवकर बोथट होतात आणि त्यांना धारही तितक्याच लवकर लागते. स्वीडिश १४सी२८एन सहज गंजत नाही, धार बारीक घेतं. पहिल्या चाकूला माझी पसंती याला. डी२मध्ये साधारण दीड टक्का कार्बन आणि १२ टक्के क्रोमियम असतं. धार टिकते, पण ते पूर्ण स्टेनलेस नाही, घामाच्या खिशात डाग धरतं. एस३५व्हीएन आणि लॅरिन थॉमस यांनी तयार केलेलं, २०२१ मध्ये आलेलं मॅग्नाकट ही वरची पायरी. धार खूप टिकते, पण पैसेही तसेच, आणि धार लावायला हिऱ्याचा दगड असला तर बरं. पण नाव कुठलंही असो, त्याला पाणी कसं दिलंय, म्हणजे तापवून आणि गार करून ते कसं कठीण केलंय, यावर सगळं ठरतं. नीट पाणी दिलेलं साधं पोलाद घाईघाईत तापवलेल्या भारी पोलादाला मागे टाकतं. म्हणून पोलादाचं नाव वाचायच्या आधी बनवणारा कोण ते वाचा.

खिशातली जागा

खिशाला क्लिपने अडकवायचा चाकू १९८१ मध्ये स्पायडरकोच्या वर्करने रूढ केला, आणि अंगठ्याने उघडायचं पात्यावरचं गोल भोकही त्याचंच. मोठ्या चाकूला क्लिप हवीच, नाहीतर तो खिशाच्या तळाशी आडवा पडतो. खिशात टोक वर राहील अशी क्लिप असेल तर चाकू बाहेर काढताच उघडायला तयार असतो. पण त्यात एक धोका आहे, तो मी बोटावर वागवतो.

माझा पहिला मोठा चाकू टोक वर राहणारा होता, आणि बंद पातं धरून ठेवणारी पकड फार ढिली होती. दुकानात ते मला गुण वाटलं होतं: बघा किती सहज उघडतो! महिन्याभराने घाईत किल्ल्या काढायला खिशात हात घातला. क्लिप खिशाच्या शिवणीपासून सरकली होती, पातं बोटभर उघडलं होतं, आणि मधल्या बोटाच्या टोकाला दोन टाके पडले. तेव्हापासून दोन नियम: पहिला, चाकू उलटा धरून झटकला तर पातं जागचं हलता कामा नये. दुसरा, चाकूच्या खिशात दुसरं काही नाही, आणि बंद पात्याची पाठ खिशाच्या मागच्या शिवणीला टेकलेली. मग उघडायचं म्हटलं तरी पात्याला जागाच नसते.

चाकू हातात आल्यावर

नावाजलेल्या चाकूंच्या नकला भरपूर असतात, तेव्हा कंपनीच्या यादीतल्या विक्रेत्याकडूनच घ्या. खोकं उघडलं की परत करायची मुदत संपायच्या आत एवढं तपासा. बंद चाकूकडे वरून बघा: पातं दोन्ही भिंतींच्या साधारण मध्ये हवं, थोडं कलंडलेलं चालतं, भिंतीला घासणारं नाही. उघडा, टोकाजवळची पाठ चिमटीत धरून डावी-उजवीकडे हलवा, मग वर-खाली. बाजूचा किंचित खेळ स्क्रू आवळून जातो. वर-खालीचा खेळ लॉकचा दोष असतो, तो चाकू परत पाठवा. लाइनर किंवा फ्रेम लॉकची पट्टी बुडाच्या काठावर जेमतेम टेकलेली नको आणि पार पलीकडच्या भिंतीला भिडलेलीही नको.

मग मुठीच्या फक्त बाजू धरून, सगळी बोटं पात्याच्या परतीच्या वाटेबाहेर ठेवून, पात्याची पाठ लाकडाच्या कडेवर टेकवा आणि हळूहळू दाब वाढवा. आपटायचं नाही. लॉक सरकलं तर तो चाकू वापरायचा नाही.

पहिला आठवडा धारेवर जाड चिकटपट्टी लावून नुसती उघडझाप करा, टीव्हीसमोर बसून नव्हे, बघत. दोन्ही हातांनी, सावकाश. लोकांत चाकू उघडायची हीच रीत बरी. झटक्याने उघडलेल्या दहा सेंटिमीटर पात्याने शेजारचा माणूस दचकतो.

धार दोन्ही बाजूंना १५ ते २० अंशांत लावा. कंपनीने कोणता कोन दिलाय ते कळत नसेल तर धारेवर मार्करची शाई फासा आणि दगडावर दोन हलके हात फिरवा. शाई वरच्या कडेची गेली तर कोन कमी झाला, अगदी धारेवरची गेली तर जास्त झाला, सबंध पट्टी निघाली तर बरोबर. १००० नंबरचा दगड आणि नंतर चामड्यावर पाच-सहा ओढी, एवढ्यावर वर्ष निघतं.

खिशातला कापूस आणि धूळ बिजागरीत जमते. महिन्यातून एकदा कापडाच्या टोकाने काढा, एक थेंब तेल सोडा, जास्त नको, तेलाला धूळ चिकटते. स्क्रू बहुधा टॉर्क्सचे असतात, टी६ आणि टी८. मापाचा पाना नसेल तर हात लावू नका, डोकं एकदा झिजलं की स्क्रू निघत नाही. बिजागरीचा स्क्रू पाव वळसा आवळा, पातं हलवून बघा, मग आणखी थोडा. बाजूचा खेळ गेला आणि पातं अजून मोकळं फिरतंय, तिथे थांबा.